६६ रकान्यांपासून हेक्टरी बोनसपर्यंत

कर्जमाफीचा शासन निर्णय २८ जून २०१७ला निघाला आणि त्या पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या मौद्यात सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. मर्यादा दीड लाखाची, अर्ज ऑनलाइन, आधार सक्तीचं, आणि बँकांनी प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायची. दिवस रोवणीचे होते. परहे, म्हणजे धानाची रोपं, तयार, बांधीत पाणी साचलेलं, आणि घरची माणसं अंगठा लागेल की नाही या काळजीत रांगेत उभी.

मी तेव्हा नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बिझनेस अ‍ॅनालिस्टचं काम नुकतं शिकत होतो. गावात हे पद समजावून सांगणं अवघड जायचं. मौद्यात नोकरी म्हटली की एनटीपीसीचं वीज केंद्र: ५००चे दोन आणि ६६०चे दोन संच, एकूण २३२० मेगावॉट. तिथला फिटर, ऑपरेटर, ठेकेदार डोळ्यांना दिसतो. माझं काम दिसत नव्हतं. संस्थेला नेमकी अडचण काय आहे ते शोधायचं, काम आज कसं चालतं ते समजून घ्यायचं, नव्या व्यवस्थेने काय करायला हवं ते प्रोग्रामरला कळेल अशा भाषेत लिहायचं, आणि तयार झालेली व्यवस्था खरंच उपयोगी पडते का ते तपासायचं, एवढं ते काम. ऑफिसात त्याचे शब्द शिकलो. त्याचा अर्थ मात्र पुढची सहा-सात वर्षं आमच्या धानपट्ट्यात आलेल्या सरकारी योजनांनी शिकवला. म्हणून हा मागोवा कंपन्यांचा नाही, त्या योजनांचा आहे.

६६ रकान्यांवर तेव्हा खूप टीका झाली. ती सगळी न्याय्य होती असं मला वाटत नाही. २००८च्या केंद्राच्या कर्जमाफीत अपात्र लोकांना लाभ मिळाल्याचं आणि पात्र सुटल्याचं कॅगने २०१३मध्ये दाखवून दिलं होतं. ते पुन्हा होऊ नये ही इच्छा योग्यच होती. घोटाळा दुसरीकडे होता. योजनेने लाभाचा घटक धरला कुटुंब: नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. बँकेच्या वहीत कुटुंब नावाची गोष्टच नसते, तिथे खातं असतं. म्हणजे शेतकऱ्याने अर्जात लिहिलेलं कुटुंब आणि बँकेने पाठवलेली खाती यांची सांगड कुठेतरी, कुणीतरी घालायची होती, आणि त्या सांध्यावरच सगळा भार आला. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, समारंभात प्रमाणपत्रं वाटली गेली. मग याद्यांत चुका निघाल्या आणि फेरतपासणी सुरू झाली. प्रत्येक रकान्याला तीन प्रश्न विचारायचे, ही सवय मला तिथून लागली. हा कोण भरणार? कुठून पाहून भरणार? आणि माहिती नसेल तर काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसलेला रकाना कागदावर राहू देऊ नये.

दोनच वर्षांनी त्याच प्रश्नाची दुसरी मांडणी पाहायला मिळाली. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना २१ डिसेंबर २०१९ला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जाहीर झाली. मर्यादा दोन लाखांची, आणि घटक कुटुंबाऐवजी व्यक्ती. शेतकऱ्याने अर्ज करायचाच नाही. बँकांकडे असलेल्या माहितीवरून यादी लागेल, यादीत विशिष्ट क्रमांक मिळेल, शेतकऱ्याने आधार दाखवून रक्कम बरोबर आहे की नाही एवढंच सांगायचं. पहिली यादी फेब्रुवारी २०२०मध्ये लागली ती अवघ्या ६८ गावांची, जिल्ह्यामागे दोन गावं या हिशेबाने. आमच्या धंद्यात ज्याला वापरकर्त्याकडून चाचणी म्हणतात ती हीच. नियमित कर्ज फेडणाऱ्यांना काय मिळणार हा प्रश्न तिथेही मागे राहिला, पण तो धोरणाचा होता. रांगांचा प्रश्न मांडणीचा होता आणि तो बऱ्याच अंशी सुटला. शेतकरी तेच, बँका त्याच. फरक पडला तो कोणती माहिती कुणाकडे आधीच आहे हे कुणीतरी नीट बसून पाहिल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

१५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी राज्यभर आली. सातबाऱ्यावरच्या गाव नमुना बारामध्ये पूर्वी पटवारी पीक लिहायचा. आता शेतकऱ्याने शेतात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि नोंद स्वतः करायची. पहिल्या हंगामात आमच्याकडे मुख्य तक्रार नेटवर्कची होती. मला जास्त महत्त्वाची वाटली ती धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीची. मौदा, रामटेक, भंडारा या पट्ट्यात बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर हे चित्र इतकं नेहमीचं आहे की विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही. ‘काय पेरलं?’ म्हटलं की उत्तर येतं ‘धान’. तूर सांगायची असते हेच डोक्यात येत नाही. अ‍ॅनालिस्टच्या मुलाखती इथेच फसतात, कारण माणूस रोजची गोष्ट सांगत नाही, वेगळी गोष्ट सांगतो. म्हणून विचारण्याइतकंच पाहणं लागतं आणि धुऱ्यावरून चालावं लागतं.

२०२२च्या खरिपात अ‍ॅपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं नोंदवायची सोय होती, केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येऊ लागली, आणि शेताच्या मध्यबिंदूपासून माणूस किती दूर आहे ते अ‍ॅप सांगू लागलं. पहिल्या दोन सुधारणा शेतकऱ्याचं ऐकून केल्यासारख्या वाटतात. तिसरी तपासणीसाठी आहे आणि तीही हवीच. पण जिथे सातबारा समाईक आणि वाटणी तोंडी आहे, तिथे गटाचा मध्यबिंदू भावाच्या बांधीतही पडू शकतो. नकाशावर एक असलेली जमीन वहिवाटीत चार तुकड्यांची असते, ही आमच्या तालुक्यातली रोजची गोष्ट आहे.

मला सर्वात जास्त शिकवलं ते धानाच्या बोनसने. २०१९-२०च्या हंगामात हमीभावावर क्विंटलमागे ७०० रुपये जादा मिळाले, ५० क्विंटलच्या मर्यादेत. पैसा वजनाला जोडलेला होता. मग ज्याच्याकडे धान कमी आणि सातबारा मोठा, त्याच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचा माल मोजला जातो, परराज्यातलाही येतो, अशा तक्रारी सुरू झाल्या. डिसेंबर २०२२च्या नागपूर अधिवेशनात सरकारने नियमच बदलला: हेक्टरी १५ हजार, दोन हेक्टरपर्यंत. पुढच्या वर्षी ते २० हजार झाले. क्विंटल जाऊन हेक्टर आला. वाक्य एका ओळीचं, पण त्याने सगळी व्यवस्था हलली. काट्यावरच्या वजनापेक्षा सातबाऱ्यावरचं क्षेत्र मोलाचं झालं, पीक पाहणीची नोंद चुकली तर बोनस अडकू लागला, समाईक खातेदारांची संमतीपत्रं लागली. ज्याचं पीक करप्याने किंवा तुडतुड्याने अर्धं गेलं, त्याला नवा नियम जुन्यापेक्षा माणुसकीचा ठरला. मला तो बदल योग्य वाटतो.

पण त्यातून एक माणूस सुटला. बटईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर दुसऱ्याची शेती, करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. पूर्वी बोनस धानाच्या पैशात मिसळून यायचा आणि माल जसा वाटला जायचा तसा तोही वाटून घ्यायची रीत होती. हेक्टरी बोनस वेगळा येतो, उशिरा येतो आणि मालकाच्या खात्यात येतो. त्यातला वाटा मागायची रीत अजून पडलेली नाही. चिखलात उतरलेला माणूस कोणत्याच रकान्यात नाही. योजना ठरते त्या बैठकीला अधिकारी असतात, पणन महासंघ असतो, संगणकवाले असतात, बटईदार नसतो. त्याचं नाव संबंधितांच्या यादीत लिहिणं ही अ‍ॅनालिस्टची जबाबदारी आहे. निर्णय अ‍ॅनालिस्टच्या हातात नसतो. पण निर्णय घेणाऱ्यासमोर ‘या नियमाने अमुक माणूस सुटतो’ हे लेखी ठेवणं त्याच्या हातात असतं, आणि ते न ठेवणारा माझ्या मते आपलं काम करत नाही.

या कामाचं रीतसर शास्त्र आहे. कॅनडात टोरांटोला २००३मध्ये या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संस्था, आयआयबीए, सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक ग्रंथाची, बॅबॉकची, तिसरी आवृत्ती २०१५ची. परीक्षा आहेत, प्रमाणपत्रं आहेत. एक्सेल, एसक्यूएल, कामाचा प्रवाह दाखवणाऱ्या आकृत्या हे सगळं यावंच लागतं आणि काही महिन्यांत येतं. वेळ लागतो तो लिहायला. ‘नोंदणी सोपी असावी’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते पूर्ण झालं की नाही हे कुणालाच तपासता येत नाही. ‘समाईक सातबारा असल्यास इतर खातेदारांची संमती जोडल्याशिवाय नोंदणी पुढे जाऊ नये, आणि संमती देणारा बाहेरगावी असल्यास त्याला मोबाइलवरून ती देता यावी’ हे उपयोगी आहे.

मौदा, कुही, रामटेककडची बरीच मुलं आता नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांकडे डोळे लावून बसली आहेत. त्यातल्या अनेकांना वाटतं की हे काम शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचं. त्यांना माझं एक सांगणं आहे. येत्या हंगामात आपल्या गावाजवळच्या धान खरेदी केंद्रावर वही घेऊन बसा. नोंदणीपासून खात्यात पैसे येईपर्यंत कागद किती हातांतून जातो, बारदाना संपला की काय होतं, ग्रेडरने माल परत पाठवला तर त्याची नोंद कुठे होते, हमालांची मजुरी कोण देतो, बटईवाला कुणाच्या नावाने उभा आहे, हे सगळं लिहून काढा. आणि मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या.