अतितापन, मोटारगाडीचे

शीतक द्रव कमी झाल्यामुळे, अथवा त्याचे अभिसरण वा शीतन अपुरे पडल्यामुळे एंजिनाचे तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे जाणे यास अतितापन म्हणतात. एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सु. एक-तृतीयांश उष्णता शीतकाला वाहून न्यावी लागते. शीतक म्हणून पाणी किंवा पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरतात. रेडिएटरच्या दाबझाकणामुळे शीतकावरील दाब वातावरणीय दाबापेक्षा सु. ०·९ किग्रॅ./सेंमी.² इतका वाढतो व पाण्याचा उकळबिंदू ११८° से. च्या आसपास जातो. झाकणाची स्प्रिंग वा रबरी कडी निकामी झाली, तर बाकी सर्व भाग सुस्थितीत असूनही पाणी उकळून बाहेर पडते.

जुन्या छोट्या गाड्यांत हा दोष वारंवार आढळतो. बुलढाणा जिल्ह्यातील भूरचना त्यास विशेष अनुकूल आहे. मलकापूर, नांदुरा व शेगाव ही गावे पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात, तर बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवर आहे. मोताळ्याहून राजूर घाट किंवा खामगावहून बोथा घाट चढताना एंजिनावरील भार वाढतो, पण वेग मंदावल्याने रेडिएटरमधून वारा कमी वाहतो. उन्हाळ्यात हवाच ४०° से. च्या वर असते. शिवाय उंचीमुळे उघड्या भांड्यातील पाणी बुलढाण्यास सु. ९८° से. ला उकळते. म्हणून झाकणाचा जो दोष सपाटीवर लपून राहतो, तो घाटात उघड होतो.

पाण्याचा प्रश्नही वेगळाच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, उदा., शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांत, भूजल क्षारयुक्त आहे. असे पाणी रेडिएटरमध्ये वारंवार भरल्यास नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि क्लोराइडांमुळे ॲल्युमिनियमचे भाग गंजून झिजतात. रस्त्याकडेच्या विहिरीचे पाणी त्या वेळी गाडी घरी पोहोचविते, पण पुढे रेडिएटर निकामी करते. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी व योग्य प्रमाणात ग्लायकॉल हाच खरा उपाय होय.

निदानात पहिला प्रश्न ‘पाणी किती घालावे’ हा नसून ‘पाणी गेले कोठे’ हा असतो. गाडी रात्रभर कागदावर उभी केल्यास बाह्य गळती दिसते. (वातानुकूलक असलेल्या गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी हे गळतीचे लक्षण नव्हे.) रबरी नळ्यांचे सांधे, रेडिएटरचा तळ व पाण्याच्या पंपाचे बारीक निःसारण छिद्र येथे पांढरट वा हिरवट क्षारांचे डाग शोधावेत. बाहेर काहीच गळत नसेल, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. एक्झॉस्टमधून निघणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवरील दुधाळ तेल, आणि एंजिन सुरू होताच रेडिएटरमध्ये उठणारे बुडबुडे ही त्याची लक्षणे आहेत.

गाडी केव्हा तापते, यावरूनही दोषाचे स्थान कळते. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या व जानेवारी २०१४ पर्यंत निर्माण होत असलेल्या मारुती ८०० मध्ये (क्षमता ७९६ घ. सेंमी.) रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. ही गाडी उभी असताना तापत असेल व धावताना थंड राहत असेल, तर पंखा, त्याचा स्विच अथवा फ्यूज तपासावा. फियाट ११०० वर आधारलेल्या प्रीमियर पद्मिनीत पंखा व पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. तो सैल झाला वा तुटला, की दोन्हींचे कार्य एकदमच बिघडते. केवळ घाटात तापणारी गाडी बहुधा रेडिएटर चोंदल्याचे सुचविते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकल्यास मात्र वरची नळी थंड राहते व एंजिन तापते. अनेक कारागीर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, हा उपाय चुकीचा आहे. त्यामुळे मूळ दोष झाकला जातो, एंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते व इंधन अधिक जळते.

तापमानदर्शकाच्या काट्यावर पूर्ण विसंबू नये. पाणी संवेदकाच्या पातळीखाली गेल्यास काटा उलट खाली येऊ शकतो आणि चालक निश्चिंत होतो. त्याच सुमारास सिलिंडर-शीर्ष वाकण्याइतके तापलेले असते. ॲल्युमिनियमचे शीर्ष एकदा वाकले, की ते उतरवून घासून समतल करावे लागते. काही वेळा बदलावेच लागते.

गाडी तापल्याचे कळताच ती सावलीत थांबवून एंजिन बंद करावे व किमान अर्धा तास बॉनेट उघडे ठेवावे. गरम असताना झाकण उघडल्यास दाबाखालील पाणी उसळून चेहरा व हात भाजतात. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. पातळी भरायची, तर ती एंजिन थंड झाल्यावर, थोडी थोडी. काढलेले ग्लायकॉल उघड्यावर टाकू नये. ते गोड असल्याने जनावरे चाटतात व ते विषारी आहे.