स्टार्टर बदलण्याआधी बॅटरी तपासा

चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही? लगेच नवा स्टार्टर घेऊ नका. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना ती १० च्या बरीच खाली आली तर आधी बॅटरी बघा. टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टीही घासून घ्या.

हे सगळं ठीक असेल तरच स्टार्टर उतरवा. चाकांना दगड लावा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढा. हे टाळूच नका! स्टार्टरची जाड केबल बहुतेक गाड्यांत फ्यूजशिवाय थेट बॅटरीतून येते; पाना चॅसीला टेकला तर जाळ होतो. ट्रकचा स्टार्टर चांगलाच जड असतो, म्हणून शेवटचा बोल्ट सोडताना खालून आधार हवाच.

उघड्या भोकातून फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघा. तेच झिजले असतील तर नवा स्टार्टरही घसरेल. बसवण्याची जागा चकचकीत पुसा, कारण बऱ्याच स्टार्टरना अर्थिंग बॉडीतूनच मिळतं.

जुना भंगारात देऊ नका. अनेकदा फक्त कार्बन किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट गेलेले असतात. ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो.