सायकलचा लांबचा प्रवास आणि पंक्चरची पूर्वतयारी

जबलपूर शहराच्या उत्तरेस मझौली हे तहसिलीचे गाव आहे. विष्णु-वराहाच्या प्राचीन मूर्तीमुळे ते त्या परिसरात प्रसिद्ध आहे. जबलपूरहून तेथे जाण्याचा एक मार्ग सिहोऱ्यावरून जातो. महामार्गाने सिहोरा सुमारे ४० किलोमीटर, आणि तेथून पश्चिमेस वळून मझौली आणखी सुमारे २० किलोमीटर. जाऊन-येऊन १२० किलोमीटरांचा हा प्रवास पहाटे निघालेला सरावाचा सायकलस्वार दिवस मावळण्यापूर्वी सहज पुरा करू शकतो. परंतु परतीच्या वाटेवर, दोन गावांच्या मध्येच चाकातील हवा गेली, तर काय होईल? सायकल ढकलीत चालणारा मनुष्य तासाला जेमतेम चार किलोमीटर जातो. म्हणजे दुकान दहा किलोमीटरांवर असेल, तर अडीच तास गेले. आणि अंधारात रहदारीच्या रस्त्याकडेने चालणे धोक्याचे, हे निराळेच.

पंक्चर हा दैवाचा खेळ आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः प्रत्येक पंक्चरला कारण असते, ते कारण शोधता येते, आणि बहुधा ते टायरमध्येच सापडते. ते न शोधता नवी ट्यूब घालणारा मनुष्य थोड्याच अंतरावर पुन्हा थांबतो. ह्या पुस्तिकेत सांगावयाची मुख्य गोष्ट हीच आहे.

चाकात हवा कशासाठी?

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. तिला पंक्चर कधीच होत नाही. मग हवेचे नाजूक चाक माणसाने का पत्करले? लोखंडी धाव प्रत्येक खड्याबरोबर सारे चाक उचलते. हवेचा टायर मात्र खड्याभोवती दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. त्यामुळे धक्के कमी बसतात आणि श्रमही वाचतात. रॉबर्ट टॉमसन ह्या स्कॉटिश संशोधकाने १८४५ मध्ये अशा चाकाचे एकस्व घेतले होते, पण तेव्हा त्याचा प्रसार झाला नाही. पुढे बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. हे प्रारंभीचे टायर चाकाला चिकटवलेले असत. त्यामुळे दुरुस्ती हे मोठे जिकिरीचे काम होते. १८९१ मध्ये फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर पुढे आणला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत शार्ल तेराँ ह्याने तसलेच टायर वापरून जिंकली. रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढणे शक्य झाले ते ह्या शोधामुळे.

शर्यतीच्या धर्तीच्या सायकलीत हवेचा दाब बराच असतो. समजा, मागील चाकावर ४८ किलो भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो आहे. भागाकार केला, तर टायरचा सुमारे ८ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो, असे दिसेल. काड्यापेटीच्या अर्ध्या भागाएवढ्या ह्या जागेवर सारा भार तोलला जातो. दाब निम्म्यावर आला की ही जागा दुप्पट होते आणि टायर फार दबू लागतो.

पंक्चरचे प्रकार

पहिला प्रकार टोचण्याचा. कोरड्या जमिनीवर आणि रस्त्याच्या कडेस पसरणारी सराट्याची वेल सर्वांच्या परिचयाची आहे. हिलाच गोखरू असेही म्हणतात. तिचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन लांब व दोन आखूड काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. प्राण्यांच्या पायांना चिकटून बी दूर नेण्याची ही योजना सायकलच्या टायरलाही तितकीच लागू पडते. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या, काचेचे तुकडे आणि जुन्या मोटारटायरांतून सुटलेले पोलादी तारांचे बारीक तुकडे हीही नेहमीची कारणे होत.

दुसरा प्रकार चिमटण्याचा. दाब कमी असताना चाक खड्ड्यात आदळले, तर ट्यूब रस्ता आणि रिम ह्यांच्यामध्ये चिमटली जाते. तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, सापाने दंश केल्यासारखी. अशी जोडी दिसली की काटा शोधण्याची गरज नाही. दोष कमी हवेचा.

तिसरा प्रकार आतून होणारा. रिमच्या आतील पट्टी सरकली, तर आऱ्यांच्या टोकांपाशी ट्यूब घासते आणि भोक तिच्या आतल्या बाजूस पडते.

उन्हाने हवा फुगून टायर फुटतो, ही भीती मात्र पुष्कळशी निराधार आहे. २५ अंश सेल्सिअसला भरलेली ६ किलो दाबाची हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तरी दाब सुमारे अर्ध्या किलोनेच वाढतो. चांगला टायर तेवढे सहज सोसतो. अशा वेळी टायर फुटलाच, तर तो जीर्ण झालेला असणे किंवा नीट न बसवलेला असणे अधिक संभवनीय.

निघण्यापूर्वी

अरुंद टायरातील हवा काही दिवसांतच आपोआप कमी होते. म्हणून निघण्याच्या सकाळी दाब मोजून हवा भरावी. मग चाक सावकाश फिरवून टायरचा पृष्ठभाग पाहावा. रुतलेला खडा किंवा काच ट्यूबपर्यंत पोहोचण्यास कित्येक किलोमीटर लागतात. घरीच काढून टाकल्यास पंक्चर टळते.

वाटेत दुकान असले तरी ते उपयोगी पडेलच, असे धरून चालू नये. गावातील दुकानदार आपल्या कामात निष्णात असतो, परंतु त्याच्याकडील साहित्य साध्या सायकलीचे किंवा मोटारसायकलीचे असते. २८ इंची साध्या सायकलीच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर शर्यतीच्या सायकलीत तो ६२२ मिलिमीटर असतो. वॉल्व्हही निराळा. साध्या सायकलीचा वॉल्व्ह जाड, मोटारसायकलीचा ‘श्राडर’, आणि शर्यतीच्या सायकलीचा बहुधा सडपातळ ‘प्रेस्टा’. म्हणून दुकानातील पंप असूनही हवा भरता येत नाही. प्रेस्टा वॉल्व्हवर बसणारी पितळेची लहान जोडणी खिशात असली, तर मोटारसायकलीच्या टायरांत हवा भरणाऱ्या यंत्राने काम भागते.

बरोबर घ्यावयाचे साहित्य थोडके आहे: योग्य मापाच्या दोन ट्यूबा, ठिगळे व सोल्यूशन, काचकागद, टायर काढण्याच्या दोन-तीन पट्ट्या, हातपंप, ही जोडणी, आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायरच चिरला गेला, तर हा तुकडा अस्तरासारखा आतून लावता येतो.

रस्त्याच्या कडेला

प्रथम रहदारीपासून दूर व्हावे. टायरची एक कड सोडवून ट्यूब बाहेर काढावी आणि तिच्यात थोडी हवा भरून भोक शोधावे. येथे एक युक्ती उपयोगी पडते. टायर बसवतानाच त्यावरील छापील नाव वॉल्व्हसमोर आणून ठेवावे. मग ट्यूबवरील भोक वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे, हे पाहिले की टायरमधील काट्याची जागा लगेच कळते. तरीही टायर आतून सर्वत्र तपासावाच. उघडे बोट फिरवू नये. कापसाचा बोळा किंवा कापड फिरवावे. काट्याचे मोडके टोक कापसाला अडकते आणि हाताला इजा होत नाही. टोक सापडून निघेपर्यंत नवी ट्यूब घालू नये.

वाटेत ट्यूब बदलावी आणि ठिगळ लावण्याचे काम शक्यतो घरी करावे. दोन्ही ट्यूबा संपल्या, तर मात्र ते रस्त्यातच करावे लागते. भोकाभोवतीचा भाग काचकागदाने घासून खरखरीत करावा, सोल्यूशन पातळ लावावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे. ओलसर सोल्यूशनवर लावलेले ठिगळ टिकत नाही, कारण अडकून राहिलेला द्रावक जोड सैल ठेवतो. घाई करणाऱ्यांची ठिगळे सुटतात, ती बहुधा ह्याच चुकीमुळे. शेवटी चिकट राहिलेल्या कडेवर शंखजिऱ्याची चिमूट टाकावी.

हवा भरण्यासही धीर हवा. २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरात सुमारे एक लिटर जागा असते. ६ किलो दाबासाठी बाहेरची सुमारे सहा लिटर हवा तीत कोंबावी लागते. एका दट्ट्याला ४० घन सेंटिमीटर हवा देणारा हातपंप दीडशे वेळा तरी मारावा लागतो, प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. कर्बद्विप्राणिद वायूच्या लहान नळकांड्याने हेच काम क्षणात होते. परंतु हा वायू ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणून घरी येताच साधी हवा भरावी. शिवाय नळकांडे एकदाच उपयोगी पडते; पंप कितीही वेळा.

ही सारी कृती वाचून पुरेशी कळते, परंतु हाताला वळण लागत नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या आठवड्यात, अंगणात, टायरला काहीही झालेले नसताना ती एकदा पूर्ण करून पाहावी. पंप वॉल्व्हवर बसतो की नाही, सोल्यूशनची नळी वाळून गेली आहे काय, टायरची शेवटची वीतभर कड रिममध्ये बसवताना किती जोर लागतो, हे तेथेच कळावे. ज्याने एवढे केले, त्याला मझौलीच्या वाटेवर काटा लागला तरी अर्ध्या तासाचा खोळंबा होईल, आणि दिवेलागणीच्या आत तो घरी पोहोचेल.