डब्यातलं गोड पाणी

१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. तेव्हा कौलांवर चढून अँटेना फिरवायचं काम माझ्याकडे असायचं. खालून आई ओरडायची, “आलं, आलं! आता हलवू नगंस!” गुलजारांच्या गाण्यामुळे मोगली इतका आपला वाटायचा, की तो जपानमध्ये तयार झालाय हे कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. पुढे डोरेमॉन आला, शिनचॅन आला आणि जपानी कार्टून म्हणजे पोरांचा कालवा, असं आमच्या मलकापुरात घरोघरी ठरून गेलं.

माझ्यापुरतं ते २००७ च्या पावसाळ्यात मोडलं. कोल्हापूरला शिकत असताना एका मित्रानं सीडी दिली होती. गावी आल्यावर रात्री ती लावली. इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, १९८८ सालचा. महायुद्धाचे शेवटचे महिने, बाँबनं जळालेलं कोबे शहर, चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको. आई गेलेली, वडील आरमारात, नातेवाइकांच्या घरात जड झालेली ही दोन पोरं तळ्याकाठच्या एका खोदलेल्या आडोशात राहायला जातात. भाऊ मच्छरदाणीत काजवे सोडतो. सकाळी ते मेलेले असतात आणि सेत्सुको मातीत खड्डा करून त्यांना पुरत बसते. पावसाआधी आंबा घाटाकडच्या झाडांवर लखलखणारे काजवे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. मुठीत धरून घरीही आणले. सकाळी त्यांचं काय होतं, ते कधी पाहिलं नव्हतं.

पण मला आतून हलवलं ते गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यानं. गोळ्या संपतात. सेइता डब्यात पाणी ओततो, झाकण लावून खळखळून हलवतो आणि तिला प्यायला देतो. ती घोट घेते आणि तिच्या चेहऱ्यावर सगळ्या गोळ्यांची चव एकदम उमटते. खरी मुलगी कॅमेऱ्यासमोर असती, तर तिचं पाणी पिणं आपोआप टिपलं गेलं असतं. चित्रात आपोआप काहीच येत नाही. तो घोट, ओठाची ती हालचाल कुणीतरी मन लावून पाहिली, मग कागदावर काढली. म्हणूनच हे चित्रपट इतके खोल जातात, असं मला वाटतं. कोल्हापूरकराला हे नवं वाटू नये. शेतकऱ्याचं नागवलं जाणं १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’मधून पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर मुळात चित्रकारच होते.

मग मी असे जपानी चित्रपट शोधून शोधून पाहू लागलो. २०१९ मध्ये चाहत्यांच्या मागणीमुळे माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात चित्रपटगृहांत लागला, ही मोठीच गोष्ट झाली. मी तो नंतर मोबाइलवर पाहिला. त्यातला पाऊस सुंदर आहे, पण आठ-आठ दिवस झड सोसणाऱ्या माणसाला तो जरा जास्तच चकचकीत वाटतो. माझं मन रमलं ते सुनाओ काताबुची यांच्या २०१६ च्या ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’मध्ये. हिरोशिमाजवळच्या कुरे शहरात सासरी आलेली सुझू रेशनच्या तुटपुंज्या धान्यात रानपाला मिसळून चार माणसांचं भागवते. आमच्याकडे कुर्डू, टाकळा खुडणाऱ्या बायकांचे हात असेच चालतात. तिला चित्रं काढायचा नाद असतो आणि युद्ध नेमका तिचा उजवा हात नेतं. या चित्रपटासाठी तीन हजारांहून जास्त लोकांनी पदरचे पैसे घातले होते.

२०२० मध्ये ताकाहातांच्या घिबली स्टुडिओचे बरेच चित्रपट नेटफ्लिक्सवर आले. काजव्यांचा मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये. या वेळी आई शेजारी होती. भाषा तिला कळत नव्हती. सेत्सुको मातीचे गोळे भात म्हणून भावापुढे ठेवते, तिथं ती पुढं सरकली आणि म्हणाली, “आरं, पोरीला कुणीतरी खायला घाला की रं.”

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिनं विचारलं, “ती पोरगी खरी हुती का?”

मी सांगितलं, ही गोष्ट अकियुकी नोसाका यांनी १९६७ मध्ये लिहिली. १९४५ मध्ये त्यांची लहान बहीण अशीच अन्नावाचून गेली होती.

“केवढी हुती?”

“जेमतेम दीड वर्षाची.”

आईचा हात परातीतच थांबला. “म्हंजे नुकती चालायला लागली असंल,” ती म्हणाली.