प्लिनीचा ‘ड्राको’ : एका कल्पित प्राण्याचे शरीर, सवयी आणि नाव

युरोपीय वाङ्मयात ‘ड्रॅगन’ या नावाने प्रसिद्ध असलेला प्राणी सृष्टीत कोठेही नाही. तथापि त्याचे प्राणिवर्णन सोळा शतकांहून अधिक काळ गंभीरपणे लिहिले जात होते. त्याची लांबी, वसतिस्थान, आहार, शत्रू आणि मृत्यूचा प्रकार या सर्वांची नोंद विद्वानांच्या ग्रंथांत आढळते. जो प्राणी कोणी पाहिलाच नाही त्याच्या सवयी निश्चित कशा झाल्या, हा प्रश्न प्राणिशास्त्राइतकाच शब्दार्थशास्त्राचाही आहे. या प्राण्याचे मुख्य वसतिस्थान प्राचीन लेखकांनी भारत हे मानले असल्यामुळे भारतीय अभ्यासकांना त्याचा विचार विशेष अगत्याचा वाटावा.

या वर्णनाचा प्रमुख आधार म्हणजे रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याचा ‘नॅचरालिस हिस्टोरिया’ हा ३७ खंडांचा ग्रंथ होय. तो इ. स. ७७ च्या सुमारास सिद्ध झाला. त्याच्या आठव्या खंडात हत्तींच्या विवेचनाच्या ओघात ‘ड्राको’ येतो. प्लिनीच्या मते सर्वांत मोठे हत्ती भारतात होतात आणि त्यांच्याशी अखंड वैर करणारे ड्राकोही तेथेच असतात. ड्राको हत्तींच्या वाटेवरील उंच झाडावर दबा धरतो, वरून झेप घेतो आणि हत्तीच्या शरीराला विळखे घालतो. हत्ती झाडावर वा खडकावर अंग घासून त्याला चिरडू पाहतो. म्हणून ड्राको प्रथम त्याचे पाय शेपटीने जखडतो. उन्हाळ्यात तो नदीच्या पाण्यात बुडून राहतो आणि पाणी प्यावयास आलेल्या हत्तीच्या कानास दंश करून त्याचे रक्त पितो, कारण हत्तीचे रक्त अतिशय थंड असते. रक्तहीन झालेला हत्ती कोसळतो आणि रक्त पिऊन सुस्त झालेला ड्राको त्याच्या भाराखाली मरतो. इथिओपियातील ड्राको २० हात लांब व भारतीय ड्राकोच्या तोडीचे असतात, असेही प्लिनी सांगतो.

या वर्णनात पंख नाहीत, पाय नाहीत आणि अग्नीही नाही. उलट झाडावर चढणे, पाण्यात पडून राहणे, दबा धरणे आणि विळख्याने भक्ष्य मारणे ही सर्व लक्षणे अजगराची आहेत. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात सेव्हिलचा इसिडोर याने आपल्या ‘एटिमोलोगिआए’च्या बाराव्या खंडात याच प्राण्याविषयी लिहिताना ड्राको हा सर्व सर्पांत मोठा असून त्याचे सामर्थ्य दातांत नव्हे तर शेपटीत असते व मारण्यासाठी त्याला विषाची गरज पडत नाही, असे म्हटले आहे. अजगर बिनविषारी असतो, हे येथे जवळजवळ स्पष्टच झाले आहे. विळख्यात सापडलेला प्राणी गुदमरून मरतो, ही इसिडोरची समजूत मात्र अलीकडेपर्यंत शास्त्रातही रूढ होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बोआ जातीच्या सर्पाच्या विळख्याने भक्ष्याचे रक्ताभिसरणच काही सेकंदांत खुंटते, असे दिसून आले.

ड्राकोचा गाभा अशा रीतीने निरीक्षणाचा आहे. परंतु भारतीय अजगर सामान्यतः ३ ते ४ मीटर लांबीचा असतो आणि पक्षी, लहान सस्तन प्राणी, हरणांची पाडसे यांवर निर्वाह करतो. हत्ती हे त्याचे भक्ष्य नव्हे. भारतातील सर्प अख्खे काळवीट व बैल गिळतात, हे मेगॅस्थिनीसचे विधान प्लिनीने उद्धृत केले आहे. त्यावरून दूरच्या प्रदेशातील वार्ता मोठी होत कशी जाते याची कल्पना येते. तथापि अतिशयोक्तीने आकार वाढला, एवढे म्हटल्याने सवयींचा उलगडा होत नाही. त्यासाठी दोन शब्दांकडे वळावे लागते.

पहिला शब्द म्हणजे या प्राण्याचे नावच होय. लॅटिन ‘ड्राको’ हा ग्रीक ‘द्राकोन’पासून आला आणि ‘द्राकोन’चा संबंध सामान्यतः ‘देर्कोमाइ’ म्हणजे पाहणे या क्रियापदाशी जोडला जातो. हाच धातू संस्कृतातील ‘दृश्’ होय. ग्रीक ‘देदोर्क’ आणि संस्कृत ‘ददर्श’ ही रूपे परस्परांशी वर्णशः जुळतात. द्राकोन म्हणजे ‘टक लावून पाहणारा’. सापाला हालणाऱ्या पापण्या नसतात, त्याचे डोळे पारदर्शक खवल्याने झाकलेले असतात. त्यामुळे त्याची दृष्टी कधी मिटतच नाही असा भास होतो. नावामागे इतकेच निरीक्षण असावे. पण फेस्टसच्या लॅटिन कोशाच्या उपलब्ध संक्षेपात हीच व्युत्पत्ती देऊन पुढे असे म्हटले आहे की, या तीक्ष्ण दृष्टीमुळेच प्राचीनांनी ड्राको धनावर पहारा करीत बसतो अशी कल्पना केली. नावाचा अर्थ येथे प्राण्याचा व्यवसाय बनला आहे. अमरकोशातही सर्पाच्या पर्यायांत ‘चक्षुःश्रवा’ म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा आणि ‘पवनाशन’ म्हणजे वारा खाणारा हे शब्द आहेत. त्यांतही नावाच्या रूपाने सवयच सांगितलेली आहे. अजगराचा पर्याय ‘शयु’, म्हणजे पडून राहणारा, हा मात्र प्रत्यक्षाशी पूर्णपणे जुळतो.

दुसरा शब्द बाजारपेठेतील आहे. प्लिनीने तेहतिसाव्या खंडात ‘किन्नाबारिस’ या लाल रंगद्रव्याविषयी लिहिले आहे. मरणाऱ्या हत्तीच्या भाराखाली चिरडलेल्या ड्राकोचे व हत्तीचे रक्त मिसळून हे द्रव्य होते, असे तो म्हणतो. प्रत्यक्षात हा एका झाडाचा चीक आहे. पहिल्या शतकातील ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत सोकोत्रा बेटावर ‘भारतीय’ म्हणविला जाणारा किन्नाबारी झाडांतून थेंबाथेंबाने गोळा करतात, अशी नोंद आहे. आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानांत हिरादखण या नावाने मिळणारा लाल राळेचा पदार्थ याच वर्गातला. अरबीत त्याला ‘दम्म अल्-अखवैन’, म्हणजे ‘दोन भावांचे रक्त’, म्हणतात. मालाच्या नावात रक्त होते; रक्त म्हटले की ते सांडणारे प्राणी हवेत आणि प्राणी म्हटले की त्यांच्यात युद्ध हवे. ड्राको रक्त का पितो, हत्तीचे रक्त थंड का असते, दोघेही एकाच जागी का मरतात, या सर्व ‘सवयी’ त्या लाल द्रव्याच्या नावाशी नेमक्या जुळणाऱ्या आहेत.

यानंतरचा फेरफार अनुकरणाने झाला. ड्राको गुहेतून बाहेर पडून हवेत उठतो तेव्हा वारा क्षुब्ध होतो, असे इसिडोरने लिहिले होते. उड्डाणाच्या कल्पनेस एवढे पुरेसे होते. लॅटिन शब्द प्राचीन इंग्रजीत ‘द्राका’ या रूपाने गेला. इ. स. १००० च्या सुमाराच्या हस्तलिखितात जतन झालेल्या ‘बेओवुल्फ’ काव्यातला द्राका रात्री उडतो, अग्नी ओकतो आणि धन राखतो. बाराव्या व तेराव्या शतकांतील सचित्र प्राणिग्रंथांत तर मजकूर इसिडोरचा, म्हणजे सर्पाचा, आणि चित्र पंख व पाय असलेल्या प्राण्याचे, असा विसंवाद वारंवार दिसतो. शब्द तोच राहिला आणि त्याखालचा प्राणी बदलला. १७३५ साली लिनीअसने ‘सिस्टेमा नॅचुरे’च्या पहिल्या आवृत्तीत ड्राकोची गणना संशयित प्राण्यांत केली व त्याचे दाखविले जाणारे नमुने म्हणजे सरडा किंवा पाकट मासा यांना आकार देऊन वाळविलेले बनावट पदार्थ होत, असा निर्णय दिला. पुढे १७५८ साली त्याने तेच नाव अंगाच्या पडद्यावर तरंगत जाणाऱ्या सरड्यांच्या वंशास दिले. त्या वंशातील एक जाती गोव्यासह पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आजही आढळते.

या इतिहासाचे महत्त्व भाषांतराच्या प्रसंगी लक्षात येते. ग्रिफिथने ऋग्वेदाच्या इंग्रजी भाषांतरात पहिल्या मंडलातील ३२व्या सूक्तात ‘अहि’साठी ‘ड्रॅगन’ हा शब्द योजला. त्याच सूक्ताच्या सातव्या ऋचेत वृत्राला पाय नसलेला व हात नसलेला असे म्हटले आहे. पंख व नखे असलेला प्राणी डोळ्यांपुढे ठेवून वाचणाऱ्यास ते विशेषण न्यूनतादर्शक वाटेल. ‘अहि’ म्हणजे सर्प हे ध्यानी ठेवणाऱ्यास ते सर्पाचे साधे वर्णन आहे हे कळेल. प्लिनीचे मराठीत भाषांतर करताना हीच चूक उलट दिशेने होते. ‘ड्राको’साठी ‘ड्रॅगन’ लिहिले की प्लिनी भाकडकथा सांगणारा ठरतो. ‘अजगर’ किंवा ‘महासर्प’ लिहिले की त्याच्या वर्णनातील खरे निरीक्षण कोणते व नावांतून उपजलेली भर कोणती, हे वाचकाला स्वतः निवडता येते. कोशात दोन शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसविण्यापूर्वी, त्या त्या काळी त्या शब्दाखाली कोणता प्राणी उभा होता हे तपासून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.