ठासणीच्या बंदुकीतील प्रज्वलन

ठासणीच्या बंदुकीतील प्रज्वलन : नळीच्या तोंडाकडून दारू व गोळी भरून ती गजाने ठासावयाच्या बंदुकीत किंवा रायफलीत, चाप ओढल्यानंतर नळीतील दारू पेटण्याची क्रिया. अशा बंदुकीत नळीचा मागचा भाग, म्हणजे बूड, कायमचा बंद असतो. त्यामुळे आतील दारूपर्यंत विस्तव बाहेरून एका बारीक छिद्रावाटेच न्यावा लागतो. या छिद्रास ‘काना’ म्हणतात. चाप, घोडा, ठिणगी किंवा स्फोटक टोपी, काना व मुख्य दारू अशी ही साखळी असून तिचा एखादा दुवा ओला, मळलेला वा सैल असला, तर बार उडत नाही किंवा उशिरा उडतो. ठासणीच्या बंदुकीच्या सुधारणेचा इतिहास बऱ्याच अंशी ही साखळी आखूड व भरवशाची करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. सैनिकाचा जीव आणि नेमबाजाचा नेम ही दोन्ही त्यावर अवलंबून असत.

इतिहास : यूरोपात पंधराव्या शतकात तोड्याची बंदूक प्रचारात आली. तोडा म्हणजे शोऱ्याच्या द्रावणात भिजवून वाळविलेली, धुमसत राहणारी दोरी. नळीच्या बाजूस असलेल्या लहान पेल्यात बारीक दारू घालीत. तिला ‘रंजक’ म्हणत. चाप ओढला की आकड्यात धरलेला तोडा पेल्यात टेके, रंजक पेटे आणि तिची ज्योत कान्यातून आत शिरे. ही रचना स्वस्त व साधी होती. परंतु तोडा सतत पेटता ठेवावा लागे, पावसात तो विझे, रात्री त्याची लाली शत्रूस दिसे आणि जवळच्या दारूला त्याचा धोका असे. भारतात तोड्याच्या लांब नळीच्या बंदुका एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात राहिल्या. त्यांच्या यंत्रणेत नाजूक कमानी नसल्यामुळे गावचा कारागीरही त्यांची दुरुस्ती करू शके.

सोळाव्या शतकाच्या आरंभी चाकाची बंदूक निघाली. तिच्यात किल्लीने आवळलेले दातेरी पोलादी चाक लोहमाक्षिकाच्या तुकड्यावर वेगाने घासून ठिणग्या पाडी. पेटत्या तोड्याची गरज संपली; पण घड्याळासारखी ही यंत्रणा महाग असल्याने ती मुख्यतः श्रीमंत शिकारी व घोडेस्वार यांच्यापुरती राहिली. गारेच्या बंदुकीचे पूर्णत्वास गेलेले रूप सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तयार झाले. त्याचे श्रेय सामान्यतः लीझ्यू येथील मारँ ल बूर्झ्वा या कारागिरास देतात. घोड्याच्या जबड्यात धरलेली गार उभ्या पोलादी पट्टीवर आपटे आणि त्याच आघाताने, पट्टीशी एकसंध असलेले पेल्याचे झाकण उघडे. ब्रिटिश सैन्याची ‘ब्राउन बेस’ (१७२२ नंतरचे नमुने) आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाची लांब नळीची रायफल या याच पद्धतीच्या होत.

गारेच्या बंदुकीतील दोष : या बंदुकीत ठिणग्या गारेच्या नसतात. गारेच्या धारेने पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जातात आणि घर्षणाच्या उष्णतेने ते हवेत जळतात. म्हणून गार धारदार, जबड्यात चामड्याच्या तुकड्यात किंवा शिशाच्या पत्र्यात घट्ट बसविलेली व पट्टीच्या पूर्ण रुंदीस भिडणारी असावी लागते. पट्टीचा पृष्ठभागही कठीण केलेला असावा लागतो. पट्टी मऊ पडल्यास तिच्यावर ओरखडे उठतात, पण ठिणग्या पडत नाहीत. घोड्याच्या व पट्टीच्या कमानींचा समतोल बिघडल्यास पट्टी फार लवकर किंवा फार उशिरा उघडते.

रंजक पेटूनही आतील दारू न पेटणे हा या बंदुकीचा नेहमीचा दोष. याची दोन कारणे असत : एक म्हणजे जळक्या दारूच्या मळाने बुजलेला काना व दुसरे म्हणजे दमट दारू. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषांच्या रूपाने मागे राहतो. हे अवशेष हवेतील ओल शोषून घेतात आणि काही बारांनंतर कान्याभोवती चिकट थर साचतो. काना दारूने भरून गेला, तरीही दोष उद्‌भवतो. अशा वेळी ज्योत एकदम आत झेपावत नाही. कान्यातील दारू वातीसारखी कणाकणाने जळत जाते आणि चाप ओढणे व बार उडणे यांतील अंतर जाणवण्याइतके वाढते. एरवी शतांश सेकंदांत मोजावयाचे हे अंतर वाढले की नेम हलतो. डोळ्यांजवळ उडणाऱ्या रंजकाच्या भडक्याने नवशिका नेमबाज दचकतो, ही आणखी एक अडचण.

यांवर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या बंदूककारांनी काही उपाय काढले. कान्यास गंजरोधक सोन्याचे वा प्लॅटिनमचे अस्तर बसविणे हा एक उपाय होता. काना आतील बाजूस शंकूसारखा रुंद केल्याने मुख्य दारू ज्योतीच्या अधिक जवळ आली. हेन्री नॉक याने १७८७ मध्ये नळीच्या बुडाशी लहान कोठी असलेल्या रचनेचे एकस्व घेतले. तीत ज्योत प्रथम कोठीतील थोडी दारू पेटवी व तेथून ती मुख्य दारूच्या मध्यभागी पोहोचे. पेल्यातून पाणी वाहून जाईल अशी रचना व पट्टीखालील घर्षण कमी करणारी लहान चाके याही सुधारणा झाल्या. तथापि पाऊस व वारा यांपुढे गारेची बंदूक दुबळीच राहिली.

आघात-प्रज्वलन : स्कॉटलंडमधील बेलहेल्व्ही येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फॉर्साइथ (१७६८–१८४३) याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा छंद होता. रंजकाचा भडका पाहून पक्षी बार उडण्यापूर्वीच सावध होतात, हे त्याच्या ध्यानी आले. आघाताने पेट घेणाऱ्या स्फोटक द्रव्यांचा वापर करून त्याने नवी यंत्रणा सिद्ध केली व १८०७ मध्ये तिचे एकस्व घेतले. पुढे पारदाच्या स्फोटक लवणाचा पातळ थर लावलेली लहान तांब्याची टोपी प्रचारात आली. तिच्या शोधाचे श्रेय अनेकांकडे जाते. त्यांत अमेरिकेत स्थायिक झालेल्या जोशुआ शॉ याचे नाव प्रमुख आहे. नळीच्या बुडास जोडलेल्या पोकळ पोलादी बोंडीवर ही टोपी बसवितात. घोडा तिच्यावर आपटला की टोपीतील ज्योत थेट बुडात शिरते. पेला, रंजक, गार व पट्टी हे चार दुवे यामुळे एकदम गळून पडले.

वुलिच येथे १८३४ मध्ये दोन्ही प्रकारच्या बंदुकांची सर्व प्रकारच्या हवेत तुलना करण्यात आली. प्रत्येक प्रकारच्या ६,००० बारांपैकी गारेच्या बंदुकांचे ९२२ बार उडाले नाहीत, म्हणजे साधारणतः दर साडेसहा बारांत एक फुकट गेला. टोपीच्या बंदुकांत हे प्रमाण हजारी सहा होते. या फरकाचा रणांगणावरील अर्थ ३० मे १८४१ रोजी कॅंटनजवळ दिसून आला. मुसळधार पावसात मुख्य दलापासून तुटलेल्या ३७ व्या मद्रास पायदळाच्या एका तुकडीच्या गारेच्या बंदुका निकामी झाल्या व संगिनींवरच तिला चिनी जमावाला थोपवून धरावे लागले. शेवटी टोपीच्या बंदुका असलेल्या नौसैनिकांनी तिची सुटका केली.

प्रज्वलनाचा प्रश्न असा सुटत आला, तरी दारू व गोळी तोंडाकडूनच भरावी लागत होती. १८५३ च्या नमुन्याच्या १४·७ मिमी. व्यासाच्या एन्फील्ड रायफलीचे कागदी काडतूस दातांनी फाडून त्यातील दारू नळीत ओतीत. या काडतुसाच्या चरबीविषयीचा संशय १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरला.

नव्या पद्धतीतही चुकीला वाव होता. गेटिझबर्गच्या लढाईनंतर (१८६३) रणभूमीवरून गोळा केलेल्या सु. २७,५०० बंदुकांपैकी सु. २४,००० भरलेल्या होत्या आणि त्यांतील निम्म्या बंदुकांत दोन, तर काहींत त्याहून अधिक बार ठासलेले आढळले. टोपी लावण्याचा विसर पडल्यास किंवा बोंडी मळाने बुजल्यास बार उडत नसे. पण गोंगाटात व धुरात सैनिकास ते कळत नसे आणि तो पुन्हा भरीत जाई. अशी बंदूक शेवटी पेटली, तर नळी फुटण्याचा धोका असे.

भरवशाच्या प्रज्वलनाची पथ्ये : अनुभवी नेमबाज यंत्रणा बदलण्याआधी स्वच्छतेकडे पाहतात. भरण्यापूर्वी नळीतील साठवणीचे तेल पुसून काढणे, टोपीच्या बंदुकीत रिकाम्या नळीवर एकदोन टोप्या उडवून मार्ग कोरडा व मोकळा झाल्याची खात्री करणे, काही बारांनंतर कापडाच्या ओलसर व नंतर कोरड्या चकतीने नळी पुसणे, आणि काना तारेने साफ करणे ही मुख्य पथ्ये होत. रंजक मुख्य दारूहून बारीक दाण्याची घेतात. ती कान्याजवळ असावी, पण कान्यात ठासली जाऊ नये. टोपी बोंडीच्या मापाची लागते : सैल टोपी गळून पडते, तर घट्ट टोपी पहिल्या आघाताने केवळ खाली सरकते व दुसऱ्या आघाताने उडते. झिजून रुंद झालेल्या बोंडीतून वायू मागे येऊन घोडा उचलला जातो. अशी बोंडी बदलावी लागते. काळ्या दारूऐवजी वापरली जाणारी पायरोडेक्ससारखी आधुनिक द्रव्ये पेटण्यास अधिक उष्णता लागते. म्हणून ती गारेच्या बंदुकीस सहसा मानवत नाहीत.

बार न उडाल्यास तो उशिरा उडण्याचा संभव असतो. यासाठी बंदुकीचे तोंड निर्धोक दिशेस रोखून किमान एक मिनिट थांबणे व त्याआधी ती न उघडणे वा न हाताळणे हा सर्वमान्य नियम आहे.

सद्यःस्थिती : बुडाकडून भरावयाच्या बंदुका आणि धातूची काडतुसे यांमुळे १८६० नंतर ठासणीची बंदूक सैन्यांतून मागे पडली. नेमबाजीच्या व शिकारीच्या क्षेत्रांत मात्र ती टिकून आहे. १९७१ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असून त्यांत तोड्याच्या, गारेच्या व टोपीच्या बंदुकांसाठी स्वतंत्र प्रकार असतात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या ठासणीच्या रायफलींत टोपी नळीच्या अक्षरेषेतच बसविलेली असते. तीमुळे ज्योतीस वळण घ्यावे लागत नाही. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, रानडुकरे व माकडे यांपासून पिकांचे रक्षण करण्यासाठी परवान्याने ठासणीच्या बंदुका बाळगल्या जातात. त्यांस १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. पावसाळी व दमट हवेच्या या प्रदेशात दारू कोरडी ठेवणे व काना किंवा बोंडी मोकळी राखणे यांस आजही तेवढेच महत्त्व आहे. मोठा गाजावाजा होऊनही काम न साधणाऱ्या गोष्टीस मराठीत ‘फुसका बार’ म्हणतात. हा वाक्‌प्रचार ठासणीच्या बंदुकीच्या याच जुन्या दोषाची आठवण करून देतो.