मधल्या आवाजाची उमेदवारी

पाश्चात्त्यांच्या संगीतनाट्यात, म्हणजे ऑपेरात, नायिकेचे पद बहुधा सोप्रानो या सर्वांत उंच जातीच्या स्त्रीस्वराला दिलेले असते. आणि तिच्या खालोखालचा, पियानोच्या मधल्या सी या स्वराच्या थोडे खालून सुरू होऊन सुमारे दोन सप्तके फिरणारा, घनदाट आणि किंचित सावळ्या रंगाचा जो मेझो-सोप्रानो आवाज, त्याच्या वाट्याला नायिकेची सखी, सवत, दाई, चेटकीण किंवा सूडाने पेटलेली राणी अशा भूमिका येतात. बिझेची कार्मेन हा थोर अपवाद. याखेरीज या आवाजाकडे पुरुषभूमिकांचे एक मोठे वतन चालत आलेले आहे. हँडेलने १७२४ साली ज्यूलियस सीझरची भूमिका सेनेसीनो या कास्त्रातो गायकासाठी रचली. बालपणीच शस्त्रक्रिया करून आवाज उंच राखलेल्या गायकांची ती अमानुष प्रथा कालांतराने बंद पडली, तेव्हा त्यांच्या भूमिकांचा वारसा मोठ्या अंशी मेझो गायिकांकडे आला. मोझार्टचा केरुबीनो आणि रिखार्ड श्ट्राउसचा ऑक्टावियन ही तरुण पोरे तर मुळातच स्त्रीच्या कंठासाठी निर्माण झाली. बालगंधर्वांची सिंधू आणि भामिनी ज्या रसिकांनी डोळ्यांत साठवली, त्यांना ही उलट दिशेची किमया समजावून सांगावी लागू नये.

अशा आवाजाची तरुण मुलगी जेव्हा गायनाला आपला चरितार्थ करण्याचा इरादा धरते, तेव्हा तिच्यापुढचा पहिला प्रश्न प्रतिभेचा नसून काळाचा असतो. ऑपेरात ध्वनिक्षेपक नसतो. साठ-सत्तर वाद्यांच्या गजरावरून मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा तो केवळ श्वासाच्या आणि कंठाच्या बळावर, आणि ते बळ भारदस्त आवाजात सावकाश येते. व्हेर्दीच्या आम्नेरिससारखी भूमिका पंचविशीत पत्करणाऱ्या गायिकेला टाळ्या कदाचित मिळतील, पण त्या टाळ्यांची किंमत तिच्या आवाजाला चाळिशीच्या आतच मोजावी लागण्याचे भय असते. म्हणून या क्षेत्रातील तरुण गायिकेची खरी पारख तिने कोणती भूमिका स्वीकारली यावरून जितकी होते, तितकीच तिने कोणती नाकारली यावरूनही होते, असे मला वाटते.

जॅनेट बेकर या इंग्रज गायिकेची उमेदवारी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २१ ऑगस्ट १९३३ रोजी यॉर्कशरमधील हॅटफील्ड या गावी त्यांचा जन्म झाला. दहा वर्षांच्या असताना त्यांचा थोरला भाऊ हृदयविकाराने गेला. शाळा संपल्यावर लीड्सच्या एका बँकेत नोकरी करीत त्या गात राहिल्या, आणि १९५३ साली लंडनला येऊन हेलेने इझेप या व्हिएन्नाच्या गुरूकडे त्यांनी खाजगी तालीम घेतली. त्याच वर्षी कॅथलीन फेरियर अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने निवर्तल्या. टेलिफोनच्या केंद्रातली नोकरी सोडून जगाच्या रंगमंचावर आलेली ती खोल कंठाची गायिका इंग्लंडला घरच्या माणसासारखी वाटत असे, आणि तिच्या स्मरणार्थ तरुण गायकांसाठी जी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात १९५६ साली बेकरबाईंना दुसरे पारितोषिक मिळाले. एखाद्याला वाटेल की आता मार्ग निष्कंटक झाला. त्याच वर्षी त्यांनी ऑक्सफर्डच्या विद्यापीठीय मंडळीच्या प्रयोगात स्मेतानाच्या एका ऑपेरात पहिली भूमिका केली, ग्लाइंडबोर्नच्या महोत्सवात समूहस्वरांत उभे राहण्याची चाकरी पत्करली, आणि त्याच वर्षी रस्त्यात एका बसचा धक्का लागून त्यांच्या डोक्याला मार बसला व पाठीचे जे दुखणे जडले ते पुढे सोबतीलाच राहिले.

यानंतरची दहा वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण त्यांत चमत्कार एकही नाही. हँडेलचे जवळजवळ विस्मृतीत गेलेले ऑपेरा हौसेने पुन्हा उभे करणाऱ्या मंडळींत, बेंजामिन ब्रिटनच्या ऑल्डबर्गच्या छोट्या रंगमंचावर, गावोगावच्या चर्चमध्ये होणाऱ्या भक्तिपर संगीतात त्या गात राहिल्या. पर्सेलची डिडो त्यांनी १९६१ साली ध्वनिमुद्रित केली आणि त्या राणीच्या अखेरच्या विलापाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या मुख्य ऑपेरागृहात त्यांचा प्रवेश झाला तो १९६६ साली, ब्रिटनच्याच एका ऑपेरातील हर्मियाच्या बेताच्या भूमिकेत. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती.

पण ऑपेरा ही या व्यवसायाची एक बाजू झाली. दुसरी बाजू गीतगायनाची, आणि तिचा दर्जा दुय्यम नाही. लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये जेमतेम साडेपाचशे श्रोते बसतात. तेथे वेषभूषा नाही, नेपथ्य नाही, तोंड लपवायला दुसरे पात्र नाही. एक पियानो, एक वादक आणि दर तीन-चार मिनिटांनी बदलणारे एक नवे जग. शूमानने १८४० साली रचलेल्या ‘फ्राउएनलीबे उंड लेबेन’ या आठ गीतांच्या मालिकेत एका स्त्रीचे प्रथमदर्शनातील प्रेमापासून वैधव्यापर्यंतचे आयुष्य सामावले आहे. आठवे गीत संपल्यावर गायिकेला शब्दच उरत नाहीत. पियानो एकटाच पहिल्या गीताची साथ पुन्हा वाजवतो, आणि गायिकेने तो सारा वेळ नुसते उभे राहायचे, तेही असे की श्रोत्यांना तिच्या चेहऱ्यावर ते पहिले दर्शन पुन्हा दिसावे. ऑपेराच्या रंगमंचावर वर्षानुवर्षे वावरूनही ज्यांना हे साधत नाही असे गायक असतात. बेकरबाईंना ते साधले. बार्बिरोली या ज्या संचालकाने फेरियरच्या अखेरच्या प्रयोगाला वाद्यवृंदाची साथ दिली होती, त्याच्याबरोबर त्यांनी १९६७ साली मालरची ‘किंडरटोटनलीडर’, म्हणजे मृत बालकांच्या मातापित्यांचा शोक सांगणारी गीते, ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताना थोरला भाऊ गमावलेल्या त्या दहा वर्षांच्या बहिणीची आठवण मला होते. बेकरबाईंच्या गाण्यात मात्र हंबरडा कुठेच नाही, शब्द शांतपणे उच्चारले जातात, आणि म्हणूनच ते सहन करणे कठीण होते.

या मार्गावर आज पाऊल टाकणाऱ्या मुलीची व्यवस्था निराळी आहे. संगीत महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर ती स्पर्धा देते, मोठ्या ऑपेरागृहाच्या तरुण कलावंतांच्या तुकडीत जागा मिळावी म्हणून खटपट करते, किंवा जर्मनीतील एखाद्या मध्यम शहराच्या सरकारी मदतीवर चालणाऱ्या ऑपेरागृहात करारनाम्यावर पगारी नोकरी धरते आणि एका हंगामात दासीपासून राजपुत्रापर्यंत पाच-सहा भूमिका करते. एरवी मेहनताना प्रयोगागणिक. घसा बसला तर त्या रात्रीचे पैसे बुडाले. इटालियन, जर्मन, फ्रेंच या भाषांचे उच्चार निर्दोष हवेत, रशियन-चेकही थोडीबहुत यावी. इतके करून गीतगायनाचे कार्यक्रम कमीच मिळतात, कारण त्यांत उत्पन्न अल्प. तरीही ज्यांच्या आवाजावर भरवसा ठेवावा अशा मेझो गायिका ते सोडीत नाहीत. अमेरिकेच्या जेमी बार्टन यांनी २०१३ साली कार्डिफच्या जागतिक स्पर्धेत मुख्य पारितोषिक आणि गीतगायनाचे पारितोषिक ही दोन्ही मिळवली, तेव्हा मला विशेष समाधान वाटले ते या दुहेरीपणाचे.

बेकरबाईंनी परदेशच्या ऑपेरागृहांची निमंत्रणे फारशी स्वीकारली नाहीत. आपला रंगमंच मायदेशापुरता त्यांनी राखला, आणि आवाज उतरणीला लागण्यापूर्वीच, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ऑपेराचा निरोप घेतला. शेवटची भूमिका होती ग्लुकच्या ऑर्फेओची, जुलै १९८२ मध्ये ग्लाइंडबोर्नला, जेथे सव्वीस वर्षांपूर्वी त्या समूहस्वरांत उभ्या होत्या. फेरियरही अखेरच्या वेळी, १९५३ च्या फेब्रुवारीत कॉव्हेंट गार्डनमध्ये, ऑर्फेओच गायल्या होत्या. बेकरबाई त्यानंतर ऑपेराच्या रंगमंचावर आल्या नाहीत. गीतांचे आणि वाद्यवृंदासह गायनाचे कार्यक्रम मात्र १९८९ पर्यंत करीत राहिल्या.